तळ्यावरचं झाकण

सरपंच मारुतरावांनी धुरपदाला सभेला आणायला जीप पाठवली, तेव्हा ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तिनं नीट भाजली, जाळ मागं ओढला आणि जीपमध्ये जाऊन बसली. कसली सभा, हे काही तिनं विचारलं नाही. नवरा, गेणबा, गेल्यापासून ती फारसं कुणाला काही विचारत नसे.

केडगावच्या पल्याड माळावर स्पिरिटचा एक खासगी कारखाना होता. त्याचं मळीचं काळं पाणी मोठ्या उघड्या तळ्यात साठायचं. त्याचा वास भाताच्या घासालाही यायचा. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तळं फुटून ओढ्याला मिळालं, आणि धुरपदाची मेंढरं त्या ओढ्यावर पाणी प्याली. संध्याकाळपर्यंत निम्मी आडवी झाली. गेणबा दोन वर्षं कारखान्याच्या गेटवर भांडला. मग भांडायचा थांबला, उरलेली मेंढरं विकली आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेला. मेंढरं मेली तेव्हाही धुरपदा रडली नव्हती, आणि तो गेला तेव्हाही नाही.

शाळेत माणसं जमली होती. कारखान्याच्या कंपनीनं पुण्याहून पाठवलेल्या साहेबांनी फळ्यावर तळं काढलं.

"या तळ्यातून निघणारा गॅस सगळ्या जगाची हवा तापवतो. आता कंपनी तळ्यावर रबरी झाकण घालणार. गॅस नळानं बॉयलरला जाईल, कोळसा कमी लागेल. हवेत जायचं जेवढं वाचेल, त्याचं मोजून प्रमाणपत्र मिळतं. परदेशात कारखान्यांना धुराची मर्यादा घालून दिलेली असते. ज्यांना ती पाळता येत नाही, ते ही प्रमाणपत्रं विकत घेतात."

"म्हंजी न सोडल्याला धूर इकायचा?" मारुतराव म्हणाले. लोक हसले.

"तसंच समजा. पण गावाचं म्हणणं ऐकल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून बोलावलं."

"धुरपदाबाई, तुमचं लई नुकसान झालंय. तुम्ही बोला," मारुतराव म्हणाले.

ती उठली. "ह्ये झाकण तवा घालता आलं नसतं का?"

साहेबांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "आलं असतं, मावशी. पण तेव्हा त्यात कंपनीला काही मिळत नव्हतं. आता मिळतंय."

"बरं," म्हणून ती खाली बसली. आता राग यायला पाहिजे, असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली. राग आला नाही. बाकीच्यांनी हात वर केले तसा तिनंही केला.

वर्षभरात तळ्यावर झाकण बसलं. फुगलं की लांबून काळ्या टेकाडासारखं दिसायचं. कोळशाच्या गाड्या कमी झाल्या, ओढ्याचं पाणी निवळलं. एका सकाळी सून म्हणाली, "आत्याबाई, वास येईना झालाय." धुरपदानं श्वास घेऊन बघितला. खरंच येत नव्हता.

पुढं कारखान्यानं तळ्याभोवती झाडं लावली आणि पाणी घालायला बायका घेतल्या. मारुतरावांनी तिचं नाव सुचवलं. सून म्हणाली, "त्या गेटातून कशा जाल?" धुरपदा म्हणाली, "चालत." आणि गेली.

प्रमाणपत्रं विकत घेणारे परदेशी पाहुणे पाहणीला आले. त्यातल्या एका बाईनं साहेबांकरवी विचारलं, काय बदललं?

"वास गेला."

"आणखी?"

धुरपदानं बराच विचार केला. "करंजाची झाडं लावल्यात," ती म्हणाली, आणि पाण्याचा पाइप ओढत पुढच्या ओळीकडं गेली.