रडतं पोर घेत न्हाय

गणपतआबा हॉर्न वाजवत नसत. आमच्या सणसरच्या वस्तीवर भंगारवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे हॉर्नवर हात ठेवूनच येतात. पण शाळेची व्हॅन चालवणारे आबा गाडी दारात लावत, खाली उतरत, टोपी सारखी करत आणि पायरीवर बसत. मग आत हाक येई, "ताई, कुठवर आलंय?" जणू आत लग्नाचा स्वयंपाकच चालला होता.

तसं पाहिलं तर लग्नघर बरं. ओवी आणि तिच्या पाठीवरचे जुळे, सोहम आणि सार्थक, अशी तीन मुलं. नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. ओवीची एक वेणी झालेली, दुसरी मोकळी. सोहमचा एकच मोजा सापडलेला. सार्थकच्या पोटात नेमकं शाळेच्या वेळेलाच दुखायचं. तेवढ्यात दूध उतू जायचं आणि माझा हात उठायचा. बऱ्याचदा चूक एकाची असायची आणि धपाटा दुसऱ्यालाच बसायचा. मग तो रडायचा, त्याचं बघून बाकीची दोघं रडायची.

आबांचा नियम एकच होता. "रडतं पोर मी गाडीत घेत न्हाय. कोंबड्या न्यायच्यात व्हय मला बाजारात? आदी हसवा, मग बसवा."

मला कुठला वेळ हसवायला? ते कामही आबांनीच अंगावर घेतलं. एकदा सार्थक दिवाणाखाली जाऊन बसला, काही केल्या बाहेर येईना. मी लाटणं घेऊन उभी. आबा आत आले, धोतर सावरत जमिनीवर आडवे झाले आणि त्याच्या शेजारी सरपटत शिरले. "सरक की लेका. मला बी न्हाय जायाचं शाळंत." आतून खिदळणं ऐकू आलं. थोड्या वेळानं दोघंही जाळ्याजळमटांनी माखून बाहेर आले.

जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमी काय खाल्लं का? उपाशी माणसाचा हात लई उठतो." मला राग आला. खरं तर लाज वाटली होती, पण सकाळच्या घाईत रागच सोयीचा पडतो.

पुढं पुढं मी सोकावले. मुलांचे बूट सरळ पायरीवर नेऊन ठेवू लागले. आबा आहेत की! ते बूट चढवायचे, बटणं लावायचे, एकदा तर त्यांनी ओवीची उरलेली वेणीही घातली, बैलाच्या कासऱ्याला पीळ द्यावा तशी घट्ट. इकडे व्हॅनमध्ये बाकीची मुलं ताटकळत बसलेली असायची. रोज उशीर व्हायचा, तो आमच्या दारात. एक दिवस ओवी म्हणाली, "आई, आबा खोटं बोलतात. शाळेत रोज सांगतात, चाक पंक्चर झालं होतं." मी हसले. हसायला काय जातंय?

मग एका सकाळी पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. व्हॅन रोज उशिरा पोचते, आबांचं आता वय झालं, दुसरी गाडी लावू या. पटत असेल त्यांनी अंगठा द्या. भराभर अंगठे पडायला लागले. व्हॅन कुठं थांबते हे मला माहीत होतं. पण तसं लिहिलं असतं, तर सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली असती. आणि गप्प बसले असते, तरी कुणीतरी विचारलंच असतं. मी कणकेच्या बोटानं अंगठा दिला आणि तव्याकडे वळले.

नवी गाडी आली. तिचा ड्रायव्हर खाली उतरत नाही, नुसता हॉर्न देतो. पहिल्याच दिवशी सार्थक एक बूट पायात आणि एक हातात घेऊन रडत गाडीत चढला. दार सरकलं, गाडी गेली. काचेला चिकटलेलं त्याचं तोंड वळणापर्यंत दिसत होतं.

मध्यंतरी माहेरी, निमगाव केतकीला गेले होते. आठवडी बाजारात तीच पांढरी व्हॅन दिसली. आतली सीटं काढलेली, पेरूचे क्रेट भरलेले आणि शेजारी आबा पेरू तोलत होते.

"ताई! पोरं कुठंयत? धाकला बूट घालतो का आता?"

"घालतो," मी म्हणाले. आणि मग राहवलं नाही. "आबा, त्या ग्रुपवर मी पण..."

"म्हाईत हाय. माझा नातू त्याच शाळंत हाय न्हवं? सून हाय की त्या ग्रुपात. तिनं दावला मला तुमचा अंगठा." त्यांनी तराजू खाली ठेवला. "वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला भर बाजारात रडू फुटलं. पदरानं तोंड पुसत मी जायला वळले, तर आबांनी एक रिकामा क्रेट उपडा करून पुढं सरकवला.

"बसा."

"नको आबा, जाते मी."

"रडतं माणूस मी वाटंला लावत न्हाय. बसा गप. सकाळधरनं काय खाल्लं का?"

मी बसले. त्यांनी एक पेरू धोतराला पुसून माझ्या हातात दिला आणि माझं रडणं थांबायची वाट बघत शेजारी उभे राहिले. गिऱ्हाइकं पिशव्या धरून खोळंबली होती. आबांना पुन्हा माझ्यामुळंच उशीर होत होता.