साहेबांच्या बागेतला कोबी

शहाऐंशीच्या जानेवारीतला रविवार. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात प्रमोदिनी पोह्यांवर खोबरं पेरत होती, तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे उल्हास, हातात कागदी पिशवी.

"वहिनी, साहेबांचा प्रसाद. आमच्याही वाट्याचा तुम्हीच घ्या. विनायकला डबल कोटा हवा ना, यार."

साहेब म्हणजे उल्हास आणि विनायक या दोघांच्या ऑफिसातले वरिष्ठ, अण्णासाहेब. परदेशातल्या पोस्टिंगहून परतल्यापासून ते बंगल्यामागे ब्रसेल्स स्प्राउट्स लावायचे. लिंबाएवढे कोबीचे ते गड्डे दर थंडीत सगळ्या स्टाफच्या घरी पोचत. सगळे "वा, सर" म्हणत आणि गायींपुढे टाकत. गायीसुद्धा हुंगून पुढे जात.

प्रमोदिनीचा नवरा विनायक मात्र ते खरोखर खायचा. लसणाच्या फोडणीत परतून, पोळीशिवाय, नुसते. तिला पहिलाच घास घशापर्यंत कडू लागला होता, आणि कारलं तर ती आवडीनं खाणारी. "कडू? कुठाय कडू?" तो निरागसपणे विचारायचा. एकाच ताटातलं एकाला गोड, दुसऱ्याला जहर. दोघांच्या जिभाच वेगळ्या, हे तिनं कधीच ताडलं होतं. पण ऑफिसात हे कोण मानणार? तिथं त्याचं नाव पडलं 'चमचा'. वीस वर्षं नाकासमोर चालणारा माणूस, मूठभर कोबीपायी बदनाम झाला. तरी त्यानं ऑफिसच्या डब्यातला कोबी सोडला नाही.

उल्हास विनायकशेजारच्या खुर्चीत टेकतात न टेकतात तोच अण्णासाहेब स्वतः दारात.

"बसा, उठू नका. विनायकराव, या महिनाअखेरीला मी रिटायर होतोय. तुम्हा सगळ्यांचे सी.आर., वर्षाचे गोपनीय शेरे, लिहून झाले, तेव्हा आता खोटं बोलायचं कारण नाही. तुमच्या कॉलनीच्या उकिरड्यावर माझी भाजी पाहिली मी आत्ता. तुम्हालाही नव्हतीच ना आवडत?"

उल्हास भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. प्रमोदिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. नव्हती आवडत म्हणाला तर इतकी वर्षं साहेबांना खूश करत होता असं ठरणार. आवडायची म्हणाला तर आजही तेच.

विनायकनं घसा साफ केला.

"साहेब, त्या कोबीचं थोडं बी उरलं असेल तर मला द्या."