पाचवारी, नथीशिवाय

नातीनं पलंगावर आणून टाकलेले कपडे पाहून माझं डोकंच फिरलं. जांभळी, चकचकीत, शिवलेली नऊवारी, आणि तिला मागे झिप. सोबत दाबून बसवायची मोत्यांची नथ आणि चंद्रकोरीच्या टिकल्यांचं पाकीट. "आजी, फिफ्टीजची कॉलेज गर्ल. कैसा लगा?" म्हणाली. मी म्हटलं, "बाई गं, हा पायजमा आहे. तुला हवा तर घाल, पण माझ्या नावावर खपवू नकोस."

एवढं चिडायला कारण होतं. मी सौदीत दम्मामला लेकीकडे राहते. लेक आणि जावई दोघं डॉक्टर. नात जन्मली इथेच, इथल्याच इंडियन स्कूलमधून यंदा बारावी झाली. तिला भारतात जाऊन कपड्यांचं डिझाइन शिकायचं होतं आणि जावयांना ती डॉक्टर व्हायला हवी होती. वर्षभर घरात धुसफूस चालली होती. शेवटी जावई म्हणाले, "एक मुलाखत दे. निवड झाली तर जा. नाही झाली तर मुकाट्यानं मेडिकलच्या क्लासला बसायचं, पुन्हा हा विषय नको." मुलाखत लॅपटॉपवर व्हायची होती. घरातल्या एका बाईचा जुना पोशाख स्वतः तयार करायचा, अंगावर घालायचा आणि त्याबद्दल बोलायचं. पोरीनं मला निवडलं. माझा कॉलेजातला पोशाख, आणि त्यासाठी मला एक शब्द न विचारता मागवली ती झिपवाली नऊवारी.

दोष तिचा नाही. इथली आमची मराठी मंडळी कुठल्याशा इस्तिराहात जमतात. इस्तिराहा म्हणजे दिवसाच्या भाड्यानं मिळणारं अंगणवालं घर. तिथे जुना काळ म्हटलं की बायकांना नथ, पुरुषांना फेटा आणि मोबाइलवर तुतारी. आम्ही काय जन्मभर मिरवणुकीतच होतो? माझी लेकसुद्धा म्हणाली, "आई, जाऊ दे ना, छान दिसतंय." छान दिसतंय म्हणे. मी कॉलेजात नऊवारी सोडण्यासाठी वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आता माझीच नात माझ्या नावानं ती नेसून जगापुढे बसणार होती.

मी दोघींना समोर बसवलं आणि म्हटलं, आता ऐका.

माझं कॉलेज सांगलीचं, महाराष्ट्र राज्य व्हायच्याही आधीचं. वर्गात मुली इन मीन सहा. तास सुरू व्हायच्या आधी आम्ही लेडीज रूममध्ये बसायचो. प्रोफेसर निघाले की त्यांच्या मागून रांगेनं वर्गात शिरायचं, पुढच्या बाकावर बसायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर. एकटी मुलगी वर्गात आधी जाऊन बसलीय असं कधी घडलं नाही. त्या रांगेत कोण काय नेसलंय हे मागची साठ-सत्तर पोरं डोळे फाडून बघायची. पुण्याहून आलेल्या दोघी पाचवारी पातळ गोल नेसायच्या, फुग्याच्या बाहीचं पोलकं, पाठीवर एक लांब शेपटा. मी मात्र काष्टा घातलेली, तेल चोपडलेला अंबाडा. मी शिरले की मागून हळूच आवाज यायचा, "काकू आल्या." सतरा वर्षांची मी. अंगाचा तिळपापड व्हायचा.

वडिलांची अट होती, शिकायचं तर शीक, पण लुगडं सोडायचं नाही. गोल नेसणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मुलगी हातची गेली. मी रडले, अबोला धरला, एकदा जेवणही सोडलं. आई मध्ये पडली नाही. मग दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिनं फडताळातून एक पांढरं वॉयलचं पातळ काढलं, बारीक किरमिजी काठाचं, आणि माझ्या हातात दिलं. ती स्वतः मरेपर्यंत नऊवारीत राहिली. मला म्हणाली, "जा नेसून. त्यांचं मी बघते." काय बघितलं ते मला आजतागायत ठाऊक नाही. वडील चहा पीत होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पडशील हो, जपून चाल." एवढ्यावर भागलं.

आणि मी खरंच पडले असते. काष्ट्याची सवय असलेल्या बाईला निऱ्या म्हणजे भरवसा नसलेला पाहुणा, कधी उठून जातील नेम नाही. प्रोफेसरांच्या मागून चालताना माझ्या सुटायला लागल्या. मी पुस्तकांचा गठ्ठा पोटावर घट्ट दाबून धरला आणि तशीच ताठ मानेनं वर्गात गेले. मागून कोणी काकू म्हणालं नाही. पुढच्या आठवड्यात नऊवारीतल्या आणखी दोघी पाचवारीत आल्या, त्यांनीही पुस्तकं पोटाशी धरलेली. पोरांना वाटलं ही नवी फॅशन. लवकरच सगळ्या मुली तशा चालायला लागल्या, ज्यांच्या निऱ्या पक्क्या होत्या त्यासुद्धा. आम्ही लेडीज रूममध्ये हसून हसून लोळायचो.

नात ऐकत होती. मग तिनं ती जांभळी साडी उचलली, घडी घातली आणि म्हणाली, "आजी, व्हाइट वॉयल कहाँ मिलेगा? मला तेच पाहिजे."

मुलाखतीला थोडेच दिवस राहिले होते. लेक आम्हाला गाडीतून बाजारात घेऊन गेली. आता बायका गाडी चालवतात इथे. मी पहिल्यांदा आले तेव्हा दुधासाठीसुद्धा जावयांची वाट बघायला लागायची. दुकानदार पुरुषांच्या थोबाचं, म्हणजे इथल्या पायघोळ झग्याचं, कापड दाखवत सुटला. एक बोटात धरलं तर पुठ्ठा, दुसरं बुळबुळीत. मी नाक मुरडत पुढे चालले होते. तेवढ्यात एका लहानशा दुकानात खुर्चीवर एक सुदानी बाई बसलेली दिसली, अंगाभोवती डोक्यावरून गुंडाळलेलं पांढरंशुभ्र झिरझिरीत वस्त्र. मी सरळ जाऊन तिच्या पदराला हात लावला. लेक लाजून अर्धी झाली. बाई मात्र हसली. अगदी तेच वॉयल होतं, उन्हाळ्यात अंगाला न चिकटणारं.

लेकीनं तोडक्यामोडक्या अरबीत विचारलं. त्यांच्याकडे नोकरीला जाणाऱ्या आणि शिकणाऱ्या बाया हे पांढरं नेसतात, त्याला तोब म्हणतात. लांबी साडेचार मीटर. मी बोटांवर हिशोब केला. साडेचार मीटर म्हणजे आमचे पाच वारच की. सत्तर वर्षांनी, समुद्रापलीकडे, सुदानी बायकांच्या दुकानात मला माझं पातळ सापडलं. आनंदानं माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

पन्हा फार मोठा होता. नातीनं जास्तीचा भाग कापून त्याचंच फुग्याच्या बाहीचं पोलकं शिवलं. तीन वेळा बाही उसवली, कारण मला फुगा हवा होता तसा येत नव्हता. "आजी, इतना फर्क किसको दिखेगा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मला दिसतो." चौथ्यांदा जमली. किरमिजी रिबिनीची पट्टी लावून काठ तिनं स्वतःच्या डोक्यानं केला, आणि खरं सांगते, माझ्या मूळ काठापेक्षा तो सरस होता.

मुलाखत शनिवारी होती, म्हणून जावई घरी होते. चहाची कपबशी घेऊन दाराशी उभे राहिले. मी आणि लेक पलंगावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा. पोरगी पुस्तकं पोटाशी धरून चालत आली आणि उभी राहिली. पडद्यावर तिघं जण. त्यांच्यातल्या एक बाई मराठी होत्या. त्यांनी विचारलं, पुस्तकं अशी का धरलीत? पोरीनं सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. तिघंही खळखळून हसले. मला वाटलं, जिंकली.

पण दुसरे गृहस्थ गंभीर झाले. म्हणाले, हे फार साधं आहे. पांढरी साडी तर कुठलीही बाई नेसते. मराठी पोशाख म्हणजे नऊवारी, नथ, दागिने. ते सोडून हे का निवडलंत? तोंड उघडून त्यांना चार शब्द सुनवावेसे वाटले, पण लेकीनं माझा हात दाबला.

पोरीनं शुद्ध मराठीत, एकेक शब्द नीट उचलून सांगितलं, "सर, माझी आजी तिथे शिकायला जात होती. लग्नाला नाही. साधं दिसावं म्हणून ती वर्षभर घरात भांडली. हे साधं तिनं मिळवलेलं आहे." एवढं मोठं मराठी वाक्य मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. पडद्यावरच्या मराठी बाईंनी चष्मा काढून खाली ठेवला. दाराशी जावयांचा कप बशीवर वाजला.

निवडीची मेल आली तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. नातीनं मोबाइल बापापुढे धरला. त्यांनी वाचली. पुन्हा एकदा वाचली. ताटातला भात कालवत राहिले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आई, तिकडे हॉस्टेलवर हिला निऱ्या कोण घालून देणार? जायच्या आधी तुम्ही शिकवून ठेवा."

परवानगी मागायची आणि द्यायची आमच्या घरातली हीच रीत दिसते, बाप माझा असो की तिचा.

माझे हात कापतात. निऱ्या धरवत नाहीत म्हणून मी गेलं वर्ष गाऊनवरच काढलं होतं. मी त्यांना म्हटलं, "तिला कसलं शिकवायचं जावईबापू, जरा बघा तरी माझ्याकडे." त्यांनी मान वर करून पाहिलं. मी पाचवारीत बसले होते. सकाळी नातीनं नेसवली होती, आणि दिवसभरात एक निरी हलली नव्हती.