मेणाचा पाय

माझ्या मांडीवर एक नाणं पडलं. वर बघितलं तर रेशमी साडीतली एक बाई, हातात लांब मेणबत्ती. तिने आपल्या मुलालाही पुढे केलं. "टाक बाळा. गरिबाला दिलं की येशूबाप्पा खूश होतो." त्याने टाकलं. दुरूनच, माझा स्पर्श होऊ नये इतक्या दुरून.

मी नऊ वर्षांची होते. नाशिकच्या बाहेर टेकडीवर मरियामातेचं देऊळ आहे, तिथल्या पायरीवर बसले होते. पोलिओने वाळलेला पाय लांब केलेला, कुबड्या शेजारी. आई मेणबत्त्या घ्यायला गेली होती. मुंबई-वसईच्या गाड्या येत होत्या. एकीने टाकलं म्हणून दुसरीने टाकलं, मग रांगच लागली.

छातीवर बिल्ला लावलेली यात्रा कमिटीची एक बाई आली. मला हायसं वाटलं. म्हटलं, "मी भिकारी नाही. मीपण यात्रेला आलेय."

तिने वाकून माझा फ्रॉक गुडघ्याच्या वर सारला. पाय नीट दिसावा म्हणून. म्हणाली, "असू दे गं. इथेच बस, उठू नकोस. तू दिसलीस की लोकांचा हात सैल होतो."

माझ्या शेजारीच दानपेटी होती.

आई परत आली. तिने बघितलं, सगळं बघितलं. फ्रॉक खाली ओढला, नाणी पदरात बांधली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. येष्टीला व्हतील." मला त्या बायांचा आला त्याहून जास्त राग आईचा आला. आजही तो पुरता गेलेला नाही.

आई दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागेत मजुरी करायची. गावात आमचं एकच घर ख्रिस्ती. आम्हाला बाटगे म्हणायचे. पाणवठ्यावर म्हणायचे, शाळेत म्हणायचे, तोंडावर हसत म्हणायचे. म्हणून छाटणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आई दरवर्षी एक दिवसाची मजुरी बुडवून मला यात्रेला न्यायची. म्हणायची, "वर्साचा एक दिस आपल्या मान्सात जायचं." आपली माणसं! आपल्या माणसांनी मला पायरीवर बसवलं.

देवळाबाहेर मेणाच्या वस्तू मिळतात. मेणाचे हात, डोळे, बाळ, घर. ज्याला जे हवं ते मेणात घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. आई दरवर्षी पाय घ्यायची. साच्यातला पाय. त्याला गुबगुबीत पोटरी होती, सरळ घोटा होता, पाचही बोटं जागच्या जागी. कुणा धडधाकट माणसाचा पाय माझ्या नावाने वाहिला जायचा. माझ्यासारखा पाय त्या दुकानांत कधीच नव्हता.

आणि पाय काही बरा होत नव्हता. लोक विचारायचे, "श्रद्धा कमी पडत असेल, नाही का?" हे आईला विचारायचे! जी अनवाणी चालत यायची तिला. एका वर्षी ती म्हणाली, "औंदा गुडघ्यानं चढते. मंग ऐकंल." ती गुडघ्यांवर टेकडी चढली. लुगडं फाटलं, गुडघे सोलले. मी कुबड्यांवर तिच्या मागे. माझ्या पायापायी तिचे पाय चालले होते आणि तरी श्रद्धा कमी तिचीच पडत होती. मला ओरडावंसं वाटायचं. कुणावर, ते कळत नव्हतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर नाशिकच्या सरकारी दवाखान्यात माझ्या पायाचं ऑपरेशन झालं. पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, बसला, कुबड्या सुटल्या. एका काठीवर चालायला लागले. पाय तसाच बारीक, पण अंग तोलायला लागला.

त्या वर्षी यात्रेत बिल्लेवाल्या बाईने मला ओळखलं. आता तिचे केस पिकले होते. ती आईला मिठी मारून म्हणाली, "चमत्कार झाला, मावशी! हिला स्टेजवर साक्ष द्यायला लावा." मग माझ्याकडे वळली. "लांब झगा घालायचा. काठी माझ्याजवळ द्यायची. दोन पावलं चालायचं, बास. ऑपरेशनचं काढू नकोस. डॉक्टरच्या हातातसुद्धा माउलीच असते ना?"

मी नाही म्हणाले. आई माझा दंड धरून एका बाजूला घेऊन गेली. तिचे डोळे भरले होते. "चाल की गं पोरी. इतकी वर्सं समदे म्हन्ले, तुझी सरधा कमी. एकडाव त्यांस्नी दिसू दे."

या एका वाक्यासाठी मी स्टेजवर चढले. दुसऱ्या कशासाठीही नाही.

समोर माणसंच माणसं. बाईने माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि माईक दिला. पुढच्या ओळीत मेणाचा पाय पोटाशी धरून एक आई बसली होती. तिच्या मांडीवर पाय लुळे पडलेली मुलगी. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी दोन पावलं चालले असते तर उद्यापासून तिच्या आईलाही विचारलं गेलं असतं, तुझीच श्रद्धा कशी कमी पडते?

मी माईकमध्ये म्हणाले, "माझी काठी द्या."

बाई नुसती हसली. मी पुन्हा म्हणाले, "काठी द्या. माझा पाय बरा झालेला नाही. ऑपरेशन झालंय. आणि माझ्या आईची श्रद्धा कधीच कमी नव्हती."

माईक बंद झाला. काठी हातात देताना बाई दात आवळून बोलली, "उपकाराची जाण नाही. कशाला येता मग इथे?"

एसटीत आई दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिला वाटलं, मी तिचा नवस मोडला. ती जाईपर्यंत तिला तसंच वाटत होतं. मी समजावू शकले नाही.

कशाला येता? मी अजून जाते. पाय मागायला जात नाही, मेणाचा पायही घेत नाही. सोललेल्या गुडघ्यांनी माझी आई ही टेकडी चढली, म्हणून जाते. ही जागा तिची आहे, तिच्यामागून माझीही आहे.

रांग मोठी असते. कॅलिपर मांडीत रुततो. कुणीतरी दरवर्षी दया येऊन म्हणतं, "ताई, तिकडे पायरीवर बसा ना."

मी बसत नाही. कुणी हातावर नाणं ठेवलं तर त्याच्याच मुठीत परत देते, आणि रांगेत उभी राहते. बसणार नाही.