न दिसणाऱ्या विमानांचे राखणदार

जगातल्या यच्चयावत गुप्त विमानांची माहिती एकाच माणसाला होती, आणि तो माणूस कामठ्याला धानाची शेती करीत असे. हे माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लढाईच्या काळात गावाबाहेर विमानांसाठी पक्की धावपट्टी झाली, तेव्हा तिथल्या मजुरांवर ते मुकादम होते. लढाई संपली. निघताना एका गोऱ्या साहेबाने त्यांना बजावले, "पट्टी मोकळी ठेव. विमान केव्हाही येईल." पुढे राज्य बदलले, पण हा हुकूम मागे घ्यायला कोणी आले नाही. साडभाऊ तो पाळत राहिले. पट्टीवर चढलेली गुरे ते हाकलून देत, आणि कोणी धान वाळवायला तिकडे वळला, तर तो परमुलखातला हेर असावा अशा नजरेने त्याला न्याहाळत.

विमान काही येईना. दुसरा माणूस खचला असता. साडभाऊंनी विमानाचा वेग वाढवला; ते रोज येऊन जाते, असे ते सांगू लागले. दरवर्षी मी गोंदियाहून जाई, आणि दरवर्षी वेग वाढलेला असे. एकदा मी विचारले, "पण मग ते दिसत का नाही?"

"दिसलं तं गुप्त कायचं जी? काल दुपारी तुमाले काही दिसलं?"

"नाही."

"आवाज आला?"

"नाही."

"मंग? तेच."

पुरावे आणखीही होते. तळ्याकाठचे सारस अचानक उडाले, तर ते विमानाला वाट देत. न उडाले, तर ते फितूर असत. इंधनाचा प्रश्न त्यांनी राईसमिलचा बॉयलर पाहून सोडवला होता: कोंड्यावर एवढी मिल चालते, तर मोहाच्या पहिल्या धारेच्या दारूवर विमान काऊन नाही चालणार? रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडल्याची बातमी मी मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले. "हे दाखवाचं हाय जी. खरं ते लपवून राहिले." खरे यान म्हणे चुलीवरची पेज निवायच्या आत चंद्रावर जाऊन परत येई, आणि फारच घाई असली तर निघण्याआधीच पोचे. मग वैमानिक जेवतो कुठे, या माझ्या शंकेला "दोन्हीकडं" असे तत्काळ उत्तर मिळाले.

एक वर्ष मात्र कार्तिकात आभाळ भरून आले. कापलेले धान शेतातल्या बांधीत पडले होते आणि त्यांचे मातीचे खळे आधीच्या सरीने चिखल झाले होते. मळणी होईपर्यंत धान ठेवायला कोरडी, उंच जागा गावात एकच. बाईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, बैलबंडीत धान भरले आणि बैल सरळ पट्टीकडे वळवले. साडभाऊ दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

"अजी, सरका," बाई म्हणाल्या.

"साहेबाचा हुकूम हाय."

"साहेब गेला त्याच्या घरी. आपण वर्षभर काय खावाचं, हवा? तुमच्या विमानानं कधी दाणा आणला काय घरी?"

मागे आणखी बंड्या येऊन थांबल्या होत्या. कोणी हसत नव्हते. साडभाऊंनी आभाळाकडे पाहिले. पहिल्यांदाच ते तिथे ढग पाहत होते. मग बंडीतली एक पेंढी उचलून त्यांनी ती पट्टीच्या अगदी कडेला ठेवली. "दोन्हीकडं लावा," ते म्हणाले, "मंधातली वाट मोकळी सोडा. आलं तं उतरलं पाहिजे." पाऊस आला, पण धान वाचले. त्या वेगाला उतरायला तेवढी रुंदी पुरेल का, या हिशेबात साडभाऊंचा पुढचा हिवाळा गेला.

ते जाऊन आता वर्ष होत आले. परवा कामठ्याला गेलो, तर सारे गाव पट्टीवर धान वाळवत होते. दोन्ही कडांना पिवळे पट्टे, आणि मधोमध झाडून ठेवल्यासारखी रिकामी वाट. आता अडवायला कोणी नव्हते. मी बाईंना विचारले, "ही वाट अजून कशाला सोडता?"

हातातले सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "राहू द्या जी. जागा काय कमी हाय?"

पलीकडे जायला मला ती वाट ओलांडायची होती. मधोमध आलो आणि उगीचच वर पाहिले. काही दिसले नाही. आवाजही आला नाही. मी जरा भरभर पाय उचलले.