रत्नामावशीची शिकाऊ बॅच

“आमच्या जान्हवीला तेवढं पोहण्यातून वगळा, मावशी,” चंद्रप्रकाश चपला न काढता दारातूनच म्हणाला. “बाकी सगळं करू दे. पाण्याला फार घाबरते ती. घरी डोक्यावरून आंघोळ घालायची म्हटली तरी सगळी बिल्डिंग जागी करते.”

“घाबरते ना? मग तिलाच आधी नेते,” रत्नप्रभा म्हणाली आणि त्याच्या हातातून मुलीचा डबा काढून घेतला. “तुम्ही जाऊन झोपा. रात्रपाळी करून आलाय.”

चंद्रप्रकाश विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होता. भांडण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. शिवाय रत्नप्रभा तोंडवळकरशी भांडून कुणी जिंकल्याचं दहिसरच्या त्या गल्लीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

तिचं पाळणाघर एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर, लागून असलेल्या दोन खोल्यांत होतं. ते तिने ठरवून काढलेलं नव्हतं. मुलगा निलेश तान्हा असताना त्याला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आला, तेव्हा तिने अंधेरीच्या कारखान्यातली शिलाईची नोकरी सोडली आणि कामावर जाणाऱ्या दोन शेजारणींना सांगितलं, “तुमचीही आणून सोडा. एकाला भरवायचं ते तिघांना भरवीन.” तिघांची पुढे डझनभर झाली. निलेश मोठा झाला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. सून श्वेता बालवाडीचा कोर्स केलेली निघाली आणि सासूच्या बरोबरीने उभी राहिली. अख्ख्या गल्लीची पोरं रत्नप्रभाला मावशीच म्हणायची, आणि अगं-तुगं करायची.

खरी कसोटी असायची ती मे महिन्याची. एरवी शाळेतली मोठी मुलं दुपारी यायची, तीही दमून. मेमध्ये ती सकाळपासून दिवे लागेपर्यंत घरात. ज्यांच्या आईबापांना गावी जायला रजा मिळालेली नसते, अशी सगळी. दोन वर्षांच्या बाळांना झोपवावं, तर ही पलंगाखाली किल्ला लढवत बसलेली. मागच्या वर्षी रत्नप्रभाने वैतागून त्यांना टीव्ही लावून दिला होता. आठवड्याभरात सगळ्यांचे डोळे तारवटले आणि उठता-बसता भांडणं सुरू झाली. श्वेता तेव्हा हळूच म्हणाली होती, “आई, याला सांभाळणं नाही म्हणत. आपण त्यांना नुसतं बसवून ठेवलंय.”

ते रत्नप्रभाला झोंबलं आणि पटलंही. म्हणून या वर्षी तिने सबंध महिन्याचा बेत आखला होता. दुपारी गच्चीच्या सावलीत कुरडया घालायच्या. श्वेताने मुलांकडून कोकम सरबत आणि भेळ करून घ्यायची. रत्नप्रभाचे यजमान दशरथ औषधांच्या कंपनीतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले होते, त्यांनी पोरांना बॅटरीवर बल्ब लावायला शिकवायचं. आणि सकाळी, उन्हं तापायच्या आत, मोठ्या मुलांना घेऊन पालिकेच्या तरण तलावावर जायचं.

पहिल्या दिवशी रत्नप्रभा मुलांना दोन रिक्षांत घालून निघाली. बरोबर श्वेता होती. बाळांजवळ दशरथांना बसवलं होतं. तलावावर उंच पत्र्याचं छत होतं आणि पाणी इतकं निळं, की शौनक नावाचा आठ वर्षांचा वांड पोरगा काठावरूनच ओरडला, “यात रंग टाकलाय का?” इरावती नावाची तरणीताठी प्रशिक्षक शिट्टी गळ्यात घालून उभी होती. तिने एकेकाला उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून उतरवायला सुरुवात केली. शौनक उतरला. बाकीची उतरली. जान्हवीने मात्र कठड्याला जी मिठी मारली, ती सुटेना.

इरावतीने समजावलं, श्वेताने चुचकारलं. जान्हवीने दोघींकडे पाहिलंच नाही. ती रत्नप्रभाला म्हणाली, “तू का नाही येत?”

“मी तुम्हाला आणायला आले ना गं.”

“तुला पण भीती वाटते.”

पोरीचं बोलणं खरं होतं. मालवणाजवळच्या गावात रत्नप्रभा वाढली होती. दारापासून खाडी चार पावलांवर. तिचे दोघे भाऊ पाठीला सुके नारळ बांधून विहिरीत पोहायला शिकले आणि पुढे खाडीत उड्या मारू लागले. रत्नप्रभाचं काम काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचं. मुलींनी पाण्यात उतरायचं नसतं, असं कुणी तोंडाने सांगितलंही नव्हतं. ते तसंच होतं. आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी कमरेच्या वर पाणी आलं की तिच्या छातीत धडधडायचं.

“मी उतरले तर तू उतरशील?” तिने विचारलं.

जान्हवीने मान डोलावली.

“मग उद्या उतरते. आज कपडे नाहीत माझ्याकडे.”

श्वेता तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मुलाला दिलेला शब्द मोडायचा नाही, हा सासूचा नेम तिला माहीत होता. उद्या गोळी देते म्हटलं, तर उद्या गोळी मिळायचीच. पण हे प्रकरण वेगळं होतं.

घरी दशरथांनी तिच्या पोहायला शिकण्याचं ऐकलं आणि हातातलं बाळ सांभाळत ते हसत सुटले. “ह्या वयात तुका पेवाक शिकूचा आसा?”

“होय. तुमका येता मा? मग गप ऱ्हवा.”

संध्याकाळी सासू-सून पोहण्याचा पोशाख घ्यायला बोरिवलीला गेल्या. दुकानातल्या मुलाने आधी रत्नप्रभाकडे आणि मग श्वेताकडे बघून विचारलं, “मॅडम, कोणाच्या मापाचा?”

“माझ्या,” रत्नप्रभा म्हणाली. “लांब बाह्यांचा दाखव, आणि खाली घोट्यापर्यंत. फुलं नकोत.” कपडे बदलायच्या खोलीतून ती काळा-निळा पोशाख घालून बाहेर आली, आरशासमोर फिरून पाहिलं आणि म्हणाली, “बरी दिसते की गं मी.” श्वेताने मनापासून सांगितलं, “झकास दिसता, आई.”

मुलांच्या तासाला दोरीपलीकडच्या पट्ट्यात बायकांची शिकाऊ बॅच चालायची; दोन्हीकडे इरावतीच बघायची. रत्नप्रभाने त्यात नाव घातलं. दुसऱ्या दिवशी ती पायऱ्यांशी आली, कठडा पकडला आणि एकेक पायरी खाली गेली. पाणी छातीला लागलं तेव्हा श्वास अडकला. वर जान्हवी डोळे वटारून बघत होती. रत्नप्रभा ओरडली, “गार आहे गं, पण बरं वाटतंय! ये!” त्यातलं ‘बरं वाटतंय’ अजून खरं नव्हतं. पण जान्हवीने कठडा सोडला. एक पाय टाकला, मग दुसरा, आणि इरावतीने तिला अलगद उचलून पाण्यात घेतलं. त्या दिवशी सबंध तासभर जान्हवीने दोरीपलीकडून मावशीचं बोट सोडलं नाही. पण ती पाण्यात होती.

पुढे मजा झाली ती अशी, की पोरं भराभर शिकली आणि मावशी तिथेच राहिली. आठवड्याभरात शौनक पाण्याखाली डोळे उघडून फरश्या मोजू लागला. जान्हवी फळी धरून पाय मारू लागली. तिच्या बापाने घरी आंघोळीला तांब्या उचलला, तर म्हणे तिनेच तो हिसकावून डोक्यावर ओतला. रत्नप्रभा मात्र पाठीवर तरंगायला गेली की दगडासारखी खाली. नाकातोंडात पाणी, खोकला, पुन्हा उभी. तिच्या बॅचमधल्या दोन बायका तरंगून पुढच्या धड्याला लागल्या.

“ताकद लावतेय तरी बुडतेय,” ती इरावतीला म्हणाली. हरल्यासारखं नाही, शिलाई मशीन अडल्यावर कारागिराने विचारावं, तसं. “कुठे चुकतंय ते सांग.”

इरावतीने तिला पुन्हा आडवं केलं आणि बारकाईने पाहिलं. मग हसू दाबत म्हणाली, “काकू, तुम्ही तरंगता. अगदी नीट तरंगता. पण लगेच मान उचलता आणि पलीकडे बघता. मान उचलली की कंबर खाली जाणारच. काय बघता एवढं?”

“पोरं.”

“आणि मध्येच ओरडलात.”

“शौनकने त्या मुलीची टोपी ओढली होती.”

“ते मी बघेन. तुम्ही फक्त छताकडे बघायचं.”

तिशीच्या आत रत्नप्रभाने मुलं सांभाळायला घेतली, तेव्हापासून जागेपणी तिची नजर पोरांवरून हटली नव्हती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, कुणाशी बोलताना, डोळ्याचा एक कोपरा कायम त्यांच्यावर. तेच तिचं काम होतं आणि त्यात ती पक्की होती. ते सोडून छताकडे बघायचं म्हणजे काय, हे तिला कळत होतं; जमत नव्हतं.

“अर्धा तास मुलं माझी,” इरावती म्हणाली. “श्वेतावहिनी काठावर आहेत. तुमच्याशिवाय दोघी आहोत. अर्धा तास द्या मला.”

श्वेता काठावरून म्हणाली, “आई, आहे मी.”

रत्नप्रभाने सुनेकडे पाहिलं. पदर खोचून, चपला काढून, अगदी पाण्याच्या कडेला ती उभी होती आणि नजर मुलांवर. सासूकडे तिने पाहिलंही नाही. तशीच नजर. रत्नप्रभाला ते बघून फार बरं वाटलं.

ती आडवी झाली. छताखालच्या लोखंडी पट्टीवर दोन कबुतरं बसली होती. कानात पाणी गेलं आणि पोरांचा गलका लांब गेला. मान उचलावीशी वाटली. तिने उचलली नाही. पलीकडे कुणीतरी किंचाळलं. आनंदाचं की रडण्याचं, ते ओळखता आलं असतं, पण तिने कबुतरं सोडली नाहीत. पाठीखालचा इरावतीचा हात कधी निघाला, ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती एकटीच पाण्यावर होती आणि पाण्याने तिला धरलेलं होतं.

“बघ, बघ, मावशी तरंगतेय!” शौनक ओरडला. रत्नप्रभाने मान उचलली नाही. नुसता हात वर करून हलवला, आणि त्या नादात नाकात पाणी गेलं ते गेलंच.

महिना सरत आला. गच्चीवर कुरडया घातल्या, त्यातल्या निम्म्या ओल्या असतानाच पोरांनी फस्त केल्या. दशरथांच्या शिकवणीने प्रत्येकाच्या घरी पुठ्ठ्याचा कंदील गेला. खेळून, पोहून, पोटभर जेवून मोठी मुलं दुपारी बाळांच्या आधी झोपू लागली आणि श्वेताला महिन्यात पहिल्यांदा गरम चहा मिळाला.

शेवटच्या दिवशी आईबाप तलावावर आले. चंद्रप्रकाश कामावरून थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच. जान्हवीने फळीशिवाय उथळ बाजूची रुंदी पार केली, पलीकडचा काठ पकडला आणि टोपी मागे सारून बापाकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवायचंच विसरला. शेजारच्या माणसाला म्हणाला, “माझी मुलगी आहे ती,” आणि मग पुन्हा, जरा मोठ्याने, “माझी आहे.”

मग रत्नप्रभाची पाळी. पोटावर पडून ती निघाली. अर्ध्यात पोचली, दम संपला आणि पाय खाली टेकले. “थांबा, मोजू नका हे,” ती म्हणाली, मागे चालत गेली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिने घाई केली नाही. दोन हात, एक श्वास. दोन हात, एक श्वास. पोरं काठाकाठाने तिच्याबरोबर पळत होती, “पाय मार, मावशी, पाय मार!” दशरथ बाळांना घेऊन आले होते, एक कडेवर, एक बोटाला. तिचा हात पलीकडच्या फरशीला लागला, तेव्हा त्यांनी कडेवरच्या बाळाचा हात धरून टाळी वाजवली.

घरी जाताना रिक्षात श्वेता म्हणाली, “आई, जूनमध्ये बायकांची नवी बॅच आहे. सकाळी सातची.”

“माहीत आहे. तुझं नाव घालून आलेय,” रत्नप्रभा म्हणाली. “पोरं मी बघते. तू जा.”