रंग दिलेला फुगवटा

ज्या पादचारी पुलाचं डिझाइन मी तपासलं होतं, तो उद्घाटनाआधी पाहायला गेले आणि माझं डोकंच फिरलं. लोखंडी गर्डर खांबावर टेकतो तिथे त्याला उभ्या पोलादी पट्ट्या जोडलेल्या असतात. सगळा भार त्यांच्यातून खाली उतरतो. त्यातली एक पट्टी मधोमध फुगली होती आणि त्या फुगवट्यावर ताजा पिवळा रंग चोपडला होता. म्हणजे ती कुणालातरी दिसली होती!

“एवढीशी तर पट्टी, मॅडम,” ठेकेदार हसत म्हणाला. “उद्या साहेब येणार आहेत. फीत तरी कापू द्या.”

“नुसता स्लॅब टाकल्यावर ही गत, माणसं चढल्यावर काय? डिझाइनमधली जाडी कुठे गेली?”

“ती पट्टी नुसती आधाराला असते हो. आधाराला कसला आलाय आधार?”

जो सावरतो त्याला काही होत नाही, असं सगळे परस्पर ठरवूनच टाकतात. माझ्या वहिनीनं वर्षानुवर्षं घरातली आजारपणं काढली. तिनं अंथरूण धरलं तेव्हा माझा भाऊ म्हणाला, “हिला एकाएकी काय झालं?” एकाएकी? लोखंडसुद्धा आधी फुगून दाखवतं. बघायचंच नसेल तर काय करणार?

मी जिन्याच्या तोंडाशी आडवी दोरी बांधली आणि तिथेच उभी राहिले. ठेकेदार फोनवर कुणाला तरी सांगत होता, “बाई ऐकतच नाहीत.”

मी ऐकणार नव्हतेच.